फळाविना फळाची चव

उन्हाळा लागला की किराणा दुकानाच्या दर्शनी भागात रंगीत पाकिटांच्या माळा लटकू लागतात. संत्रे, आंबा, लिंबू, अननस, काला खट्टा. प्रत्येक पाकिटावर रसरशीत, नुकतेच कापलेले फळ. पाकीट फोडावे तर आत पिठीसाखरेसारखी भुकटी, आणि ती गार पाण्यात ढवळली की अर्ध्या मिनिटात सरबत तयार. हे घडते कसे, त्यात फळ किती आणि रसायनशास्त्र किती, पिणाऱ्याच्या अंगी काय लागते आणि हेच काम खऱ्या फळापासून करता येईल का, या चार प्रश्नांचा हा आढावा आहे. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडलेले बरे. या भुकटीमागचे विज्ञान अस्सल आहे आणि कौतुक करावे असे आहे. फळ मात्र बहुतेक पाकिटांत नावापुरते असते किंवा नसतेच. ग्राहकाला या दोन्ही गोष्टी सारख्याच ठळकपणे कळल्या पाहिजेत.

पाणी वगळले आणि धंदा उभा राहिला

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. तिथले एडविन पर्किन्स 'फ्रूट स्मॅक' नावाचा फळांच्या स्वादाचा अर्क काचेच्या बाटल्यांतून विकत. बाटल्या जड, पाठवणे महाग आणि वाटेत फुटण्याची भीती. १९२७ मध्ये त्यांनी त्या अर्कातले पाणी काढून टाकले, उरलेली भुकटी कागदी पाकिटात भरली आणि तिला 'कूल-एड' असे नाव दिले. सुरुवातीचे स्वाद सहा: चेरी, द्राक्ष, लिंबू, संत्रे, रास्पबेरी आणि स्ट्रॉबेरी. दहा सेंटचे पाकीट त्यांनी महामंदीच्या काळात पाच सेंटला विकले आणि ते घरोघरी गेले. १९५३ मध्ये हा व्यवसाय जनरल फूड्स कंपनीने विकत घेतला. त्याच कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ विल्यम मिचेल यांनी १९५७ मध्ये 'टँग' तयार केले आणि १९५९ मध्ये ते बाजारात आले. आधी खप बेताचाच होता. १९६२ मध्ये जॉन ग्लेन यांच्या अंतराळप्रवासात आणि पुढे जेमिनी मोहिमांत टँग गेले, तसे त्याचे नाव झाले. टँगचा शोध नासाने लावला हा समज त्यातूनच पसरला. तो चुकीचा आहे.

आपल्याकडे हे काम अहमदाबादच्या अरीज पिरोजशा खंबाटा यांनी केले. सत्तरच्या दशकात 'जॅफ' या नावाने सुरू झालेले त्यांचे उत्पादन पुढे 'रसना' म्हणून देशभर पोचले. पाच रुपयांत बत्तीस पेले ही त्याची जाहिरात एका पिढीला पाठ आहे. खोक्यात एक पुडी भुकटीची आणि एक छोटी बाटली अर्काची असे. साखर घरची, पाणी घरचे. पाक करून तो बाटल्यांत भरून ठेवायचा आणि पाहुणे आले की चार पेले पुढे करायचे. खंबाटा २०२२ च्या नोव्हेंबरात निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हेस्टिंग्ज काय आणि अहमदाबाद काय, हिशेब एकच होता. सरबताच्या पेल्यात वजनाने जवळजवळ सगळे पाणी आणि साखरच असते. आंबटपणा, वास आणि रंग देणारे पदार्थ चिमूटभर पुरतात. ही चिमूट तेवढी कारखान्याने द्यायची आणि जड माल गिऱ्हाइकाने घरचा घालायचा, म्हणून किंमत सामान्य घराच्या आवाक्यात आली. कोल्ड्रिंकची बाटली ज्या घरांत सणासुदीलाही येत नव्हती, तिथल्या मुलांच्या वाढदिवसाला नारिंगी सरबत आले ते या हिशेबामुळे. या पाकिटांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

कोरडेपणाचा दुसरा फायदा टिकाऊपणाचा. जंतू आणि बुरशी यांना वाढायला मोकळे पाणी लागते आणि भुकटीत ते नसते. त्यामुळे स्क्वॉशला लागणारे सोडियम बेन्झोएटसारखे परिरक्षक भुकटीला लागत नाहीत. तिसरा फायदा लिंबाच्या स्वादात दिसतो. लिंबाचा ताजा वास प्रामुख्याने सिट्रल या द्रव्याचा. ते आम्लाच्या पाण्यात हळूहळू मोडते आणि सरबताला औषधासारखा वास येऊ लागतो. कोरड्या पाकिटात आम्ल आणि सिट्रल शेजारी असूनही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

आंबट-गोडाचे गणित

सरबताची चव जमते ती साखर आणि आम्ल यांच्या प्रमाणात. नुसती साखर घातली तर पाक होतो, नुसते आम्ल घातले तर दात आंबतात. पाकिटातले मुख्य आम्ल म्हणजे सायट्रिक ॲसिड, वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळते तेच. लिंबाशी त्याचा आता फारसा संबंध उरलेला नाही. पूर्वी ते इटलीतल्या लिंबांपासून काढत. १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेच्या द्रावणात वाढवून ते भरपूर मिळवता येते हे दाखवले आणि १९१९ मध्ये फायझर कंपनीने त्या पद्धतीने उत्पादन सुरू केले. आज जगभरचे लिंबूसत्त्व प्रामुख्याने याच वाटेने येते.

आम्ल बदलले की आंबटपणाची जातही बदलते. सायट्रिक चटकन चढते आणि चटकन उतरते. सफरचंदातले मॅलिक ॲसिड जिभेवर रेंगाळते. चिंचेतले आणि द्राक्षातले टार्टारिक अधिक करकरीत लागते. कुशल कारागीर यांचे मिश्रण करतो आणि धार बोथट करायला सोडियम सायट्रेट घालतो.

तापमानाचा हातही मोठा. जिभेवर गोडाचा निरोप पुढे पोचवणारी एक प्रथिन-वाहिनी उबेत जास्त जोमाने काम करते आणि गारव्यात मंदावते. म्हणून बर्फ घातलेले सरबत बेताचे गोड लागते आणि तेच तासाभराने कोमट झाले की गोडमिट्ट होते. थंड पेयांत साखर इतकी का खपते, याचे एक उत्तर इथे आहे.

ग्लुकोजची पूड तळहातावर घेऊन चाटली की जीभ गार पडते, हे लहानपणी प्रत्येकाने अनुभवले असेल. त्यात पुदिना नसतो की कापूर नसतो. ग्लुकोजचे स्फटिक विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेतात आणि ती उष्णता जिभेची असते. पेलाभर पाण्यात तीच पूड ढवळली तर पाणी इतके असते की गारवा जाणवत नाही. उन्हातून येऊन पूड चाटली की 'तरतरी' आल्यासारखे वाटते त्यात या गारव्याचा वाटा आहे.

वास कुणाच्या फळाचा?

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी इतकेच कळते. 'आंबा' किंवा 'संत्रे' कळते ते नाकाला. नाक बंद करून दोन रंगहीन सरबते प्यायली तर त्यांत फरक करणे कठीण जाते. खऱ्या फळाच्या वासात शेकडो द्रव्ये असतात, पण त्यांतली मोजकीच ओळख पटवतात. संत्र्याच्या सालीतल्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, तरी संत्रेपणा आणतात ते त्यातले किंचित ऑक्टॅनल, डेकॅनल यांसारखे पदार्थ. केळ्याला आयसोअमाइल ॲसिटेट, चेरीला बेन्झाल्डिहाइड, अननसाला एथिल ब्युटिरेट आणि फ्युरॅनिऑल. हे पदार्थ फळातून काढले काय किंवा प्रयोगशाळेत बनवले काय, रेणू तोच राहतो. कृत्रिम म्हणून तो आपोआप घातक ठरत नाही. उणीव असते ती संगतीची. शंभर द्रव्यांच्या जागी पाच-सात आली की वास ओळखू येतो, पण सपाट लागतो.

द्राक्षाचे उदाहरण बोलके आहे. पाकिटातले 'द्राक्ष' नाशिकच्या द्राक्षासारखे कधीच का लागत नाही? कारण ते नाशिकच्या द्राक्षाचे नाहीच. अमेरिकेत काँकॉर्ड नावाचे जांभळे द्राक्ष पिकते. त्याच्या वासाचा कणा म्हणजे मेथिल अँथ्रॅनिलेट हे द्रव्य. तेच कूल-एडमध्ये आले आणि जगभर 'द्राक्षाचा स्वाद' म्हणून रूढ झाले. आपल्या थॉम्पसन सीडलेसमध्ये तो वास नाही. पाकिटातला स्वाद अमक्याच फळाचा असावा हे कुणीतरी ठरवलेले असते, आणि ठरवणारा बहुधा आपल्या गावचा नसतो.

आंब्याचे तसेच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या वासावर बारकाईने काम झाले आहे. त्यातून दिसले की कच्च्या आणि पिकत्या हापूसमध्ये ओसिमीनसारखी टर्पीन गटातली द्रव्ये भरपूर असतात, आणि फळ पिकू लागले की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या गटांतली द्रव्ये तयार होतात. पहिल्या गटाने हिरवा, चिकाळ वास येतो, दुसऱ्याने मधाळ, लोण्यासारखा. हापूस हापूस लागतो तो या दोहोंच्या मेळाने. पाकिटातला 'मँगो' बहुधा मधाळ बाजू तेवढी उचलतो, म्हणून तो गोळीसारखा लागतो.

हे वास उडून जाणारे असतात. ते भुकटीत टिकवायचे तर तेलाचा सूक्ष्म थेंब डिंकाच्या किंवा बदललेल्या स्टार्चच्या कवचात कोंडतात. पाणी लागले की कवच विरघळते आणि वास सुटतो. पाकीट उघडून ठेवले की संत्र्याचा स्वाद शिळा का होतो, तेही यातून कळते: कवचातून झिरपलेले लिमोनीन हवेतल्या ऑक्सिजनने बिघडते.

डोळ्यांनी प्यायलेले सरबत

१९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फळांच्या स्वादाच्या पेयांचे रंग बदलून ती लोकांना पाजली. रंग आणि स्वाद यांची जोडी मोडताच अनेकांना स्वाद ओळखता येईना. बरेच जण रंगाला साजेल त्या फळाचे नाव सांगू लागले. रंग म्हणजे नुसती सजावट नाही, तो चवीचाच भाग आहे, आणि म्हणून कंपन्या त्यावर इतका जोर देतात.

भारतात खाद्यपदार्थांसाठी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोझिन, पोन्सो ४आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्मिन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन हे आठ कृत्रिम रंग प्रमाणात वापरण्याची मुभा चालत आली आहे. २००७ मध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने काही मुलांतली अतिचंचलता वाढते असे त्यात दिसले. परिणाम मोठा नव्हता आणि मुलागणिक वेगळा होता. तरीही २०१० पासून युरोपात त्या अभ्यासातल्या सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणे बंधनकारक झाले. त्या सहांतले चार, म्हणजे वरच्या यादीतले टार्ट्राझिनपासून पोन्सो ४आरपर्यंतचे, आपल्याकडे तसा इशारा न छापता चालतात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने एरिथ्रोसिनची परवानगी काढून घेतली आणि त्याच वर्षी कूल-एडच्या सध्याच्या मालक कंपनीने २०२७ अखेर अमेरिकेतल्या उत्पादनांतून कृत्रिम रंग काढण्याचे जाहीर केले. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जे पाऊल तिथे उचलता येते ते इथेही उचलता येईल का, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

वनस्पतींतले रंग वेगळे वागतात. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातला. कोकम सरबताच्या पेल्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहावे: फेस येतो, आम्ल मरते आणि लालभडक रंग जांभळट-निळसर होऊ लागतो. कार्मोझिनसारखा कृत्रिम लाल रंग घातलेला असेल तर तो असा पालटत नाही. सरबत कोकमाचेच आहे हे यातून सिद्ध होत नाही, पण रंग वनस्पतीचा की कारखान्याचा याचा अंदाज घरबसल्या येतो.

खऱ्या फळाची पूड इतकी अवघड का?

मग खऱ्या रसाचीच पूड का करू नये? करतात, पण ती सोपी नाही. प्रचलित पद्धत फवारा-वाळवणाची: उंच टाकीत रसाचा बारीक फवारा सोडायचा आणि दीडशे ते दोनशे अंशांची हवा आत खेळवायची. थेंब काही सेकंदांत सुकतो आणि खाली पूड पडते. पाणी उडताना थेंब गार राहतो, त्यामुळे स्वाद पूर्ण जळत नाही. दुधाला ही पद्धत छान मानवते. फळाचा रस मात्र टाकीच्या भिंतींना चिकटून बसतो.

कारण फळातल्या साखरा. कोणतीही सुकलेली साखर एका ठरावीक तापमानाखाली काचेसारखी कडक असते आणि त्यावर गेली की मऊ, चिकट होते. ही सीमा साध्या साखरेसाठी सुमारे ६२ अंश सेल्सिअस, ग्लुकोजसाठी ३१ आणि फ्रुक्टोजसाठी जेमतेम ५ अंश आहे. फळांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर, वर आम्लेही याच स्वभावाची. टाकीतल्या उष्णतेत असा रस सुकून कडक व्हायचा कसा? त्यावर उपाय म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून केलेली जवळपास बेचव पूड. तिची सीमा शंभर अंशांच्या वर असते. ती मिसळली की मिश्रण सुकते, पण मग 'फळाच्या पुडी'त अर्धा वाटा स्टार्चचाही असू शकतो. गोठवून निर्वात जागेत वाळवले तर रंग-वास उत्तम राहतात, मात्र ते फार महाग पडते.

थोडा ओलावा शिरला तरी ती कडकपणाची सीमा खाली घसरते. कोकणात जुलै महिन्यात उघडे राहिलेले पाकीट दोन दिवसांत दगड होते ते यामुळेच. सिलिकॉन डायऑक्साइड किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घालतात ते ही गुठळी टाळायला. ही नावे भीतिदायक वाटली तरी त्या प्रमाणात निरुपद्रवी मानली जातात.

पेल्यातली साखर आणि जीवरक्षक पुडी

कूल-एडची मूळ कृती साधी आहे: एक पुडी, एक कप साखर आणि सुमारे एक लिटर नऊशे मिलिलिटर पाणी. म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात साधारण वीस ग्रॅम साखर, पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवावी आणि पाच टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवली तर अधिक चांगले. एका पेल्यात ही मर्यादा जवळजवळ संपते. 'व्हिटॅमिन सी युक्त' लिहिल्याने साखर कमी होत नाही, आणि ते जीवनसत्त्व एका पेरूतूनही भरपूर मिळते. शिवाय दातांचे कवच पीएच साडेपाचच्या खाली झिजू लागते आणि ही सरबते तीनच्या आसपास असतात. दिवसभर घोट घोट पीत राहणे दातांना सर्वांत वाईट.

दिसायला तशीच, पण कामाने अगदी वेगळी अशी एक पुडी आहे: ओआरएस. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी आत जाते, हे त्यामागचे तत्त्व. आजच्या प्रमाणित पुडीत लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. सरबतात लिटरमागे साखर शंभर ग्रॅमच्या घरात आणि मीठ जवळपास शून्य. इतकी साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते. जुलाब झालेल्या मुलाला सरबताची भुकटी ओआरएस समजून पाजणे म्हणूनच धोक्याचे आहे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षे हा लढा दिला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. एका डॉक्टरच्या चिकाटीने लेबलावरचे शब्द बदलता येतात, हे या प्रकरणाने दाखवले.

पुढची वाट

आपल्या कायद्यानुसार तयार फळपेयात किमान दहा टक्के, लिंबाच्या बाबतीत पाच टक्के, फळाचा अंश लागतो. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, कृत्रिम रंग आणि घातलेले स्वाद जाहीर करावे लागतात. म्हणजे माहिती असते, पण मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि बहुधा इंग्रजीत. पुढच्या बाजूला मात्र सालीसकट संत्रे. विकत घेणाऱ्याने एवढे तरी पाहावे: घटकांच्या यादीत पहिले नाव कशाचे आहे, फळाचे नाव कितव्या क्रमांकावर आहे आणि एका पेल्यामागे साखर किती ग्रॅम.

उत्पादनाच्या बाजूला महाराष्ट्राला मोठी संधी आहे. कोकम, कैरी, आवळा, चिंच, जांभूळ ही आपली फळे मुळातच आंबट आणि गडद. त्यांची थोडी पूड पेलाभर पाण्याला पुरते, त्यामुळे किंमत आवाक्यात राहू शकते. आमचूर आणि आमसूल यांच्या रूपाने ती वाळवण्याची विद्या घरोघर आहेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता'सारखी कोकमाची जात दिली, म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था प्रक्रियेची तंत्रे उद्योजकांना देते. चिकटपणाचा तिढा कमीत कमी माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये सोडवणे, आमसुलाचा रंग उजेडात टिकवणे आणि हापूसचा हिरवा-मधाळ वास दोन्ही बाजूंनी पकडणे, हे प्रश्न इथल्या प्रयोगशाळांनी आणि बचत गटांनी मिळून हाती घ्यावेत असे आहेत.

स्वस्त, टिकाऊ आणि पटकन होणारे सरबत लोकांना हवेच आहे, आणि ते मिळण्यात काही गैर नाही. गैर आहे ती न सांगितलेली गोष्ट. त्यासाठी नियम एका ओळीचा पुरेल: पाकिटावर फळाचे चित्र छापायचे असेल, तर त्याच्या शेजारी, मराठीत आणि तितक्याच मोठ्या आकड्यांत, आतल्या फळाचे प्रमाण आणि पेल्यामागची साखर छापलीच पाहिजे. फळ शून्य टक्के असेल तर शून्य छापावे. तसे झाले की ज्याला नुसते गार, गोड, नारिंगी पाणी हवे तो ते समजून-उमजून घेईल, आणि ज्या कारागिराने खरे कोकम सुकवून पुडीत भरले आहे त्याला त्याच्या मेहनतीचे दाम मागता येईल.